सा एका बँडमध्ये, ग दुसऱ्या बँडमध्ये

आषाढी जवळ आली की माझ्याकडे अभंगांच्या फाइली यायला लागतात. शेजारच्या सोसायटीतलं भजनी मंडळ, शाळेतल्या गाणाऱ्या बाई, निवृत्तीनंतर पेटी शिकलेले काका, सगळ्यांना एकादशीच्या आत यूट्यूबवर काहीतरी टाकायचं असतं. रेकॉर्डिंग घरातच होतं, मिक्सिंग कुणाचा तरी भाचा करतो, आणि मग मला फोन येतो: "मास्टरिंग तेवढं करून दे. आणि हो, मल्टिबँड लाव. त्यानं आवाज भरतो म्हणे."

मास्टरिंग म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यावर बाहेर पडण्याआधी फिरवायचा शेवटचा हात. आणि मल्टिबँड म्हणजे आवाजाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा दाबणारा कॉम्प्रेसर, तो कसा ते पुढे येतं. पण हे 'म्हणे' अलीकडे फार वाढलंय. एका बटणात मास्टरिंग करून देणाऱ्या वेबसाइट आल्यात, प्लगइनमध्ये (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) 'वॉर्म', 'पंच', 'रेडिओ' असे प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग, आलेत, आणि त्यातल्या बऱ्याच प्रीसेटच्या पोटात मल्टिबँड बसलेला असतो. लावलं की आवाज मोठा होतो, माणूस खूश होतो. दोन दिवसांनी गाडीत ऐकताना गायिकेचा आवाज मधूनच आत जातोय असं वाटायला लागतं, पण का ते कळत नाही. ते का, हे सांगायचा हा प्रयत्न आहे. गणित लागेल, पण भागाकाराच्या पुढे जाणार नाही.

शिजलेली खिचडी आणि हातातला रिमोट

मिक्सिंग करताना प्रत्येक वाद्य वेगळं हाताशी असतं. पखवाज कमी कर, टाळ मागे ने, आवाज पुढे आण, सगळं शक्य असतं. मास्टरिंगला येते ती शिजलेली खिचडी. डावा आणि उजवा असे दोन चॅनल, बाकी सगळं त्यात एकजीव झालेलं. डाळ वेगळी काढा म्हटलं तर निघत नाही.

आता कॉम्प्रेसर. रात्री घरात टीव्ही चालू असतो आणि रिमोट आईच्या हातात असतो. जाहिरात कर्कश्श लागली की ती आवाज कमी करते, मालिका परत सुरू झाली की पूर्ववत करते. कॉम्प्रेसर नेमकं हेच करतो. आवाज कोणत्या पातळीच्या वर गेला की हात चालवायचा, तो थ्रेशोल्ड. किती दाबायचं, तो रेशो. किती चटकन दाबायचं तो अटॅक, आणि किती वेळात सोडायचं तो रिलीज. कॉम्प्रेसरची गोष्ट एवढीच आहे.

अडचण अशी की रिमोट एकच आहे. पखवाजाच्या धुम्यावर, म्हणजे कणीक लावलेल्या डाव्या पुडीवर, थाप पडली की कॉम्प्रेसर दचकून सगळा आवाज खाली घेतो. चूक धुम्याची आणि शिक्षा गायिकेलाही. प्रत्येक थापेला गाणं श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होतं. याला स्टुडिओत पंपिंग म्हणतात.

तीन माणसं, तीन रिमोट

यावर उपाय सुचला तो रेडिओवाल्यांना. अमेरिकेत 1970च्या दशकात एफएम केंद्रांसाठी अशी यंत्रं आली, ज्यांत आवाजाचे आधी तुकडे व्हायचे आणि मग प्रत्येक तुकडा वेगळा दाबला जायचा. पुढे 1990च्या दशकात तीच कल्पना डिजिटल डब्यांतून लहान स्टुडिओंत पोचली, आणि आता ती प्लगइन म्हणून भाच्याच्या लॅपटॉपवर आहे.

माणसाच्या कानाला साधारण 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपनं. कमी हर्ट्झ म्हणजे खर्ज, जास्त म्हणजे टीप. या पल्ल्याचे तीन-चार भाग केले की प्रत्येक भाग एक 'बँड'. (लग्नातला नव्हे. तो बहुतेक सगळा एकाच भागात वाजतो, आणि कमाल आवाजात.) धुमा खालच्या बँडमध्ये, गळा आणि पेटी मधल्या, टाळांची किणकिण वरच्या. तीन माणसांच्या हातात तीन रिमोट दिले, की धुम्याची थाप पडल्यावर फक्त खालचा माणूस हात चालवेल आणि गायिका सुखरूप राहील.

निदान कागदावर तरी.

हे जिथे खरोखर कामाला येतं ती जागा सांगतो. मराठीत आपला दंत्य 'च' आहे, चमच्यातला, चांदण्यातला. तो 'त्स' असा सुटतो आणि माइक जवळ असला की शिट्टी मारतो. 'स' आणि 'श' त्याचे सख्खे भाऊ. ही शिट्टी ढोबळमानाने 5,000 ते 8,000 हर्ट्झच्या दरम्यान असते. तेवढाच पट्टा, तेवढ्याच क्षणी दाबला की चमचा पुन्हा चमचा होतो आणि बाकी गाण्याला धक्का लागत नाही. याला डी-एसर म्हणतात. तो म्हणजे मूळचा एका बँडचा मल्टिबँडच.

डीजेवाल्याला हे आधीच माहीत आहे

तुकडे करणाऱ्या भागाला क्रॉसओव्हर म्हणतात. हा शब्द गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती लावणाऱ्या पोरांना स्टुडिओवाल्यांपेक्षा चांगला कळतो. त्यांच्या रॅकमध्ये क्रॉसओव्हर नावाचा डबाच असतो: खालचं सबला, मधलं मिडला, वरचं टॉपला. कारण 18 इंची सब टाळांच्या वेगानं नीट हलू शकत नाही, आणि टॉपमधल्या नाजूक ड्रायव्हरला (म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाला) बेस पाठवला तर तो जळतो. तिथे तुकडे करणं ही गरज आहे. मास्टरिंगमध्ये ती निवड आहे, आणि हा फरक विसरला की गोंधळ सुरू होतो.

कापणं सुरीसारखं होत नाही. क्रॉसओव्हर 250 हर्ट्झवर ठेवला म्हणजे 249 इकडे आणि 251 तिकडे, असं नसतं. तो उतार असतो. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त भेटणारा उतार लिंकविट्झ-रायली या नावाचा. सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे ह्यूलेट-पॅकार्डमधले दोन अभियंते. 1976 साली लिंकविट्झनं स्पीकरच्या क्रॉसओव्हरवर जो निबंध लिहिला, त्यातून ही रचना लोकांपुढे आली. तिचा नेहमीचा अवतार 24 डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा. डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं माप. ऑक्टेव्ह म्हणजे आपलं एक सप्तक. क्रॉसओव्हरपासून एक सप्तक लांब गेलात की त्या बँडमध्ये स्वराच्या लहरीची उंची साधारण सतराव्या हिश्शावर येते. आणि बरोबर क्रॉसओव्हरवरच्या स्वराचा अर्धा भाग खाली, अर्धा वर. अर्धा अधिक अर्धा एक. पुन्हा जोडलं की उंची जिथल्या तिथे, ही या रचनेची खुबी.

सुरी कुठे ठेवायची

आता मंडळाच्या अभंगाकडे येऊ. गायिकेची पट्टी काळी चार. म्हणजे मध्य सप्तकातला सा साधारण 208 हर्ट्झवर. तिथून रे 234, ग 260, प 312, तार सा 416.

बहुतेक प्रीसेटमध्ये खालचा क्रॉसओव्हर 120 ते 250 हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी असतो. भाच्याच्या प्रीसेटमध्ये 250 होता. वरचे आकडे पुन्हा पाहा: सा आणि रे सुरीच्या खाली, ग सुरीच्या वर. एकाच गळ्याचे स्वर, पण सांभाळायला दोन वेगळी माणसं.

उतार लक्षात घेऊन हिशोब केला तर असं निघतं. सा या स्वराच्या मूळ कंपनाचा, म्हणजे वर दिलेल्या 208 हर्ट्झच्या कंपनाचा, 68 टक्के भाग खालच्या बँडमध्ये जातो. रेचा 57, गचा 46, पंचमाचा 29, तार साचा जेमतेम 12. आता धुम्यावर थाप पडली आणि खालच्या माणसानं आपला बँड निम्म्यावर आणला, म्हणजे 6 डेसिबल खाली. त्या क्षणी गायिका तार सावर असेल तर तिचं मूळ कंपन अर्धा डेसिबल उतरेल, कुणाला कळणारही नाही. पण ती मध्य सावर असेल तर तेच साडेतीन डेसिबल उतरेल. म्हणजे सम गाठून गायिका सावर येते, समेवर पखवाज वाजतोच, आणि नेमक्या त्या जागी तिचा सा पोकळ होतो. जिथे टाळी पडायची तिथेच.

गाडीत ऐकताना जे 'आत जातंय' असं वाटत होतं, ते हे. कॉम्प्रेसर बिचारा सांगितलेलं काम चोख करत होता. सुरी चुकीच्या जागी होती.

मी काय केलं, तर तोच क्रॉसओव्हर 250वरून 120वर आणला. आता साचा फक्त दहावा हिस्सा खालच्या बँडमध्ये जातो, आणि तशाच थापेला तो अर्ध्या डेसिबलइतकाही हलत नाही. धुम्याची घुमी 90 हर्ट्झच्या आसपास होती, तिचा तीन चतुर्थांश भाग अजूनही खालच्या माणसाच्या ताब्यात राहतो. मंद्र पंचमावर (156 हर्ट्झ) गायिका उतरली तर थोडी झळ लागेल. एका ओळीत ती उतरते, तेवढं मी सोडून दिलं.

प्रीसेट बनवणाऱ्याला तुमची पट्टी माहीत नसते. पुरुषाचा आवाज काळी एकचा असेल तर हे सगळे आकडे बदलतात. म्हणून मी तर आधी पेटी काढून सा शोधतो, मग माउसला हात लावतो. हसणारे हसतात.

अजून एक बारकावा, सुरीचा नाही पण खालच्या बँडचाच. 90 हर्ट्झच्या एका कंपनाला सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. तिथे अटॅक 1 मिलिसेकंदावर ठेवला तर कॉम्प्रेसर आवाजाची पातळी सोडून लहरीच्या प्रत्येक चढ-उतारावरच हात चालवतो, आणि धुमा घोगरा होतो, फाटतो. वरच्या टाळांना जो चपळपणा शोभतो तो खर्जाला शोभत नाही. मल्टिबँडचा हा खरा फायदा आहे, प्रत्येक बँडला आपापला वेग देता येतो. पण चारही बँडना एकच अटॅक देणारे महाभाग मी पाहिलेत.

"कापून परत जोडलं तर बिघडतं काय?"

हा प्रश्न हुशार लोक विचारतात. कॉम्प्रेशन शून्य, फक्त तुकडे आणि परत बेरीज. उंची तर जिथल्या तिथे येते असं वरच म्हटलंय.

उंची येते, वेळ येत नाही. लेझीम पथक आठवा. सगळे एका तालात असतील तर छनक एकत्र येते. एक रांग अर्धी मात्रा मागे राहिली तर खेळणारे तितकेच, ताकद तितकीच, पण ऐकणाऱ्याला कालवाकालव. आवाजाच्या लहरीतल्या या पुढे-मागे होण्याला फेज म्हणतात. क्रॉसओव्हरमधून गेल्यावर वेगवेगळे स्वर वेगवेगळ्या अंतरानं मागे सरकतात. लिंकविट्झ-रायलीच्या 24 डेसिबलवाल्या उतारात क्रॉसओव्हरवरचा स्वर बरोबर अर्धं कंपन मागे पडतो. जिथे लहर वर असायला हवी तिथे खाली.

नुसतं ऐकलं तर बहुतेक वेळा हे कळत नाही, कारण शेजारी मूळ आवाज तुलनेला नसतो. फार तर लहरीचं शिखर कधीकधी थोडं उंच होतं आणि वरची मोकळी जागा कमी होते. खरा घात होतो तो मूळ आवाज शेजारी आणल्यावर.

तो घात माझ्याच हातून झालाय. सुरुवातीच्या वर्षांत कुठेतरी वाचलं होतं की प्रक्रिया केलेला आवाज आणि मूळ आवाज अर्धा-अर्धा मिसळला की नैसर्गिक वाटतो. मी ट्रॅकची एक प्रत काढली, तिच्यावर मल्टिबँड लावला, क्रॉसओव्हर 250च्या आसपास, आणि दोन्ही सारख्या पातळीवर वाजवल्या. गायिकेचा गंधार गायबच. म्हणजे ऐकू येत होता, पण टिनाच्या डब्यातून आल्यासारखा. रात्री एक वाजेपर्यंत मी माइक, केबल आणि गायिकेचा घसा या तिघांवर संशय घेतला. सरळ हिशोब होता: एका प्रतीत लहर वर, दुसरीत तीच लहर खाली, बेरीज जवळपास शून्य. 260 हर्ट्झवरचा ग 25 डेसिबलनं उडतो, 208चा सा 12 डेसिबलनं. वरचे हार्मोनिक, म्हणजे स्वराच्या दुपटी-तिपटीची कंपनं, शाबूत राहतात म्हणून कानाला स्वर ओळखू येतो, अंग मात्र जातं.

प्लगइनच्या आत मूळ आणि प्रक्रिया केलेला आवाज मिसळणारं जे 'मिक्स' बटण असतं, ते चांगल्या प्लगइनमध्ये या घोळाची काळजी घेतं. बाहेर प्रत काढून केलेल्या जुगाडात कुणीच घेत नाही.

"मग लिनिअर फेज लावतो, संपलं"

लिनिअर फेज म्हणजे सगळे स्वर सारख्याच अंतरानं मागे सरकवायचे, म्हणजे रांगा आपसात बिघडत नाहीत. संगणकावर हे शक्य आहे, आणि मूळ आवाज शेजारी ठेवायचा असेल तर तोच मार्ग बरा. मग सगळीकडे तोच का नाही? कारण हा फिल्टर आपली थोडी थरथर आवाजाच्या आधीही पसरवतो. निसर्गात टाळी आधी, घुमणं नंतर. इथे तबल्याची किंवा पखवाजाची थाप पडायच्या किंचित आधी एक पुसटसा श्वास ऐकू येऊ शकतो. याला प्री-रिंगिंग म्हणतात. उतार जितका खडा आणि क्रॉसओव्हर जितका खर्जात, तितका हा प्रकार लांबतो. थापेची धार बोथट होते. शिवाय असा फिल्टर वेळ खातो, त्यामुळे गाताना हेडफोनमध्ये थेट ऐकायला तो कामाचा नाही.

माझा हिशोब साधा आहे. तालवाद्यं पुढे असतील तर साधा क्रॉसओव्हर, तानपुरा-बासरीसारखं सलग संगीत असेल तर लिनिअर फेजचा विचार. काही प्लगइनमध्ये तिसरी वाटही असते, ज्यात कॉम्प्रेसर हात चालवेल तेवढ्यापुरतीच फेज हलते आणि एरवी आवाज जसाच्या तसा जातो. ती असेल तर मी तीच घेतो. आणि डायनॅमिक इक्यू (लागेल तेव्हाच काम करणारा इक्वलायझर) असेल तर पुष्कळदा मल्टिबँडची गरजच उरत नाही. त्यात आवाजाचे तुकडे होतच नाहीत, फक्त ठरलेल्या जागी एक खळगा लागेल तेव्हा खोल होतो आणि काम झालं की भरून येतो.

"मल्टिबँड नसेल तर माझं गाणं बारीक वाटेल"

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो, आणि त्यात अर्धं सत्य आहे. मल्टिबँडनं प्रत्येक बँड वेगळा पिळून एकूण आवाज मोठा करता येतो. पण आधी कानाची फसवणूक ओळखा. प्रीसेट लावला की त्यातला भरपाईचा गेन, म्हणजे दाबल्यानंतर परत दिलेली वाढ, आवाज एक-दोन डेसिबल वाढवतो, आणि कानाला मोठं ते चांगलं वाटतं. दोन्ही पातळ्या सारख्या करून बटण चालू-बंद करा. निम्म्या वेळा तुम्ही बंदच निवडाल.

दुसरं असं की मोठेपणाची ही शर्यत आता गाणी ऐकवणाऱ्या ॲपनंच मोडून काढली आहे. जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक आहे लफ्स. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं त्याची पद्धत 2006 साली ठरवून दिली. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी उणे 14 लफ्सच्या आसपास आणतं. तुम्ही पिळून पिळून उणे 8 केलंत तर ते 6 डेसिबल खाली ओढलं जाईल. पिळलेलं मात्र पिळलेलंच राहील. यूट्यूबही मोठी गाणी खाली आणतं. मग धुम्याची थाप सपाट करून मिळवलं काय?

"सॉफ्टवेअर आपोआप ठरवतं ना?"

ठरवतं, आणि खर्ज-टीप यांचा तोल पुष्कळदा बरा ठेवतं. पण आपोआप बसवलेली सुरी नेमकी कुठे बसली आहे, ती गायिकेच्या सा-गमध्ये तर नाही ना, हे एकदा बघाच. एकेक बँड सोलो करून, म्हणजे बाकीचे बंद ठेवून, ऐकू शकता, मात्र निर्णय सोलोवर घेऊ नका. खालचा बँड एकटा ऐकला तर प्रत्येकाला तो वाढवावासाच वाटतो.

शेवटी मंडळाचं काय झालं

चार बँडमधले दोन मी बंदच केले. खालचा 120च्या खाली, धुम्यासाठी, जास्तीत जास्त 3 डेसिबल, अटॅक 30 मिलिसेकंद. वरचा 5,000च्या पुढे, टाळांसाठी, तोही दोन डेसिबलच्या आत. 120 ते 5,000 या मधल्या भागात गळा, पेटी, कोरस सगळे होते, तिथे काहीच नाही. वीस मिनिटांचं काम.

मंडळाच्या काकूंनी ऐकून फोन केला. "छान झालंय रे. पण तू मल्टिबँड लावलंस ना नक्की?"

लावलं म्हटलं, काकू.